लीथच्या नावाची पुडी

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला, पाण्याचा दुसरा थेंब सोडल्यावर, लीथच्या शेवाळाचं बोंड देठासकट सुटून बाजूला झालं. नोला पेंगेलीने भिंगावरचा डोळा काढला, चष्मा पुसायला हात वर नेला, तर चष्मा डोळ्यांवर नव्हताच, टेबलावर होता. तिने तो उचलून उगाच पुसला, परत ठेवला आणि पुन्हा वाकून पाहिलं. चूक झाली नव्हती. काचेवरच्या पाण्यात शेवाळाची काडी पानं पसरून आडवी पडली होती, आणि तिच्यापासून अर्ध्या नखाएवढ्या अंतरावर तो लालसर देठ तरंगत होता. शेवाळाला फूल नसतं, बी नसतं, मूळ म्हणावं असं मूळही नसतं. खोडाला धरून राहायला केसासारखे धागे असतात तेवढेच, पाणी ते पानांनीच पितं. कधीतरी, तेही मर्जी असेल तर, काडीच्या शेंड्यातून एक देठ वर येतो आणि त्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्याहून लहान बोंड धरतं. देठ-बोंड हे शेवाळाचं लेकरू. आईच्या शेंड्यात पाय रोवून ते जन्मभर तिथेच उभं राहतं, तिचंच खातं-पितं, तिथेच वाळतं. ते तुटतं, पण सुटत नाही. हे नोला तीस वर्षं पोरांना शिकवत आली होती, आणि दर वर्षी कुणीतरी मागच्या बाकावरून आपल्या आईचा विनोद करायचं. तुटलं असतं तर शेंड्यात तुकडा उरला असता. इथे शेंडा कोवळा, साबूत, कधी बाळंतच न झालेला होता. आणि देठाच्या बुडाला दुसऱ्याच कुठल्या तरी शेवाळाच्या पानाचा एक कपटा चिकटलेला होता, रुंद आणि आखूड. 

पलीकडच्या खोलीतून डूगलने विचारलं, "झालं का तुझ्या भावाचं? चारच्या आत बांधायचंय. कुरियरवाला काय माझा जावई नाही, थांबायला." डूगल रेन आणि ती ह्या होबार्टच्या वनस्पतिसंग्रहात एकाच वर्षी लागली होती आणि एकाच वर्षी, येत्या जूनमध्ये, निवृत्त होणार होती. बाहेर जाणारे नमुने बांधणं हे त्याचं काम, जाण्याआधी एक काडी भिजवून तपासणं हे तिचं. चिलीतल्या कुणा संशोधिकेला हे अख्खं घराणं नव्याने लावायचं होतं, म्हणून तिने मूळ नमुना मागितला होता. ज्या पुडीवरून जातीला नाव मिळालं ती पुडी. नोला म्हणाली, दात मोजतेय. "सदतीस वर्षांत वाढले की काय?" डूगल म्हणाला आणि स्वतःच हसला. नोलाही हसली असावी, कारण तो पुन्हा कामाला लागला. तिने हळूच खोलीचं दार लोटून घेतलं. दात सोळाच होते. बोंडाचं झाकण गळालं की तोंडाशी दातांची कड दिसते, हवा कोरडी असली की ते उघडतात, दमट झाली की मिटतात. डायक्रॅनोलोमा नावाच्या ह्या घराण्यात एकूण एक जातीचे दात मधोमध उभे फाटलेले असतात. लीथच्या शेवाळाचे अखंड होते. पानं ह्या घराण्याची, विळ्यासारखी एका बाजूला वळलेली, टोकाला केस. आणि दात मात्र जगात ह्या घराण्यातल्या कुणाला नसतील असे. म्हणून तर ते नवीन ठरलं होतं. म्हणून त्याच्या लांबलचक लॅटिन नावाच्या शेपटीला लीथ बसला होता, लीथाय होऊन. आता काचेवर दिसत होतं ते एवढंच, की धड एकाचं होतं आणि डोकं दुसऱ्याचं. धड तर इथल्या रानातल्या कुठल्याही ओल्या ओंडक्यावर हाताने ओरबाडावं एवढं मिळणाऱ्या शेवाळाचं होतं.

पुडी टेबलावर उघडी होती. शेवाळ कागदाच्या पुडीतच ठेवतात, वाण्याने जिरं बांधून द्यावं तसं, आणि नोलाने ह्या पुडीचा मूळ कागद कधी बदलला नव्हता. भरती-ओहोटीच्या तक्त्याचं पान होतं ते, १९८७च्या मार्च महिन्याचं, लीथच्या बोटीवरून फाडलेलं. रविवारी आईकडे जेवायला आला तेव्हा त्याने ती पुडी नोलाच्या ताटाशेजारी ठेवली होती. गीव्हस्टनच्या पलीकडच्या घळीतलं आहे म्हणाला, दक्षिणेच्या अंगाला जिथे ऊन कधी पोचत नाही आणि जळवा पॅंटच्या आत शिरतात. वादळाने मर्टलचं झाड आडवं केलंय, त्याच्या खोडावरचं. त्याला शेवाळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो बावीस वर्षांचा, कोळंबीएवढ्याच डोक्याचा, असं ती म्हणायची. साउथपोर्टहून शेवंड पकडायला जाणाऱ्या बोटीवर काम करायचा. पण त्या महिन्यात नोला घरी दुसरं काही बोलतच नव्हती. तिची परीक्षा तोंडावर होती, तिने घळीतून चार महिने शेवाळ गोळा केलं होतं आणि एकालाही बोंड नव्हतं, आणि बोंडाशिवाय जात लावता येत नाही, हे ती बटाटे सोलताना, भांडी घासताना, सगळ्यांना ऐकवत होती. लीथने पुडी उघडून दाखवली. झुबक्यात तीन लाल देठ उभे होते. ती खुर्चीवरून उठली आणि तिने त्याच्या चिकट केसांचा मुका घेतला, हे तिला पक्कं आठवतं. तो इतका का हसत होता हे तेव्हा तिला कळलं नव्हतं. बहिणीने मुका घेतला म्हणून असेल. मंगळवारी बोट सुटली. शुक्रवारी दक्षिण-पश्चिमेच्या टोकाशी वारा फिरला. बोटीची एक पेटी सापडली, दोन जॅकेटं सापडली, माणूस एकही नाही.

आता ह्यात चुकलं कुठे, ते नोलाला ठाऊक होतं. ठाऊक नाही असं ती स्वतःला अकरा वाजेपर्यंत सांगत होती, सव्वाअकरानंतर सांगता येईना. नवीन शेवाळ हाती आलं की पहिलं काम, एक काडी बोंडासकट शेंड्यापासून उभी कापायची आणि देठाचा पाय आत कुठवर गेलाय ते बघायचं. पहिल्या वर्षाची पोरंही हे करतात. कारण शेवाळं एकमेकांत गुंतून वाढतात, चाळीतल्या पोरांसारखी, कोण कुणाचं ते वरून कळत नाही. तिने कापलं नाही. बोंडं तीनच होती. ती ब्लेड घेऊन बसली होती, एप्रिलच्या कुठल्या तरी संध्याकाळी, आईच्या घरातल्या न्हाणीतल्या दिव्याखाली, कारण तिथला दिवा सगळ्यांत लख्ख होता, आणि बाहेर आई शेजारणीला सांगत होती की पुरायला काही हाती लागलं असतं तर बरं झालं असतं. त्या तीन देठांना शेवटचा हात लीथचा लागला होता. ती ब्लेड ठेवून आत गेली. दात मात्र तिने मोजले, पानांच्या पेशी मोजल्या, चित्रं काढली, अशी की अजून पुस्तकात देतात. आणि सहा आठवड्यांत वर्णन लिहून पाठवलं. त्या वेळी कुणाला शंका आली नाही, कारण असे अखंड दात असलेलं जे दुसरं शेवाळ, उंच फांद्यांच्या टोकांवर राहणारं, त्याची बोंडं तोवर कुणी पाहिलीच नव्हती. बारा वर्षांनी कुणीतरी दोर लावून झाडावर चढलं तेव्हा पाहिली. त्यांची चित्रं नोलाच्या टेबलावरूनच गेली होती. तिने ती तपासून बरोबर अशी खूण केली होती. तेव्हा तिच्या मनात काही आलं होतं का? एखादी गोष्ट मनात आली आणि आपण तिला बसायला खुर्ची दिली नाही, तर ती आली होती असं म्हणायचं की नाही?  

संग्रहाचा एक रिवाज आहे. कुणी पुडी तपासली आणि आधीच्यापेक्षा वेगळं मत झालं, तर त्याने छोटी चिठ्ठी लिहून पुडीच्या आत चिकटवायची. हे अमुक नव्हे, तमुक आहे, खाली सही आणि तारीख. जुनी चिठ्ठी काढायची नाही, खोडायची नाही. काही पुड्यांत दीडशे वर्षांच्या चिठ्ठ्या एकाखाली एक असतात, मेलेली माणसं एकमेकांना खोटं पाडत बसलेली. डूगलच्या एका जातीला असंच कुणी बुडवलं होतं, म्हणजे ही वेगळी जातच नव्हे म्हणून दुसरीत जमा केलं होतं. त्याने शांतपणे स्वतःच चिठ्ठी लावली, खाली जाऊन बियर प्यायला आणि आल्यावर म्हणाला, माझं नाव आता बारीक टायपात, म्हातारपणी चष्मा लावून वाचीन. ते खरंच होतं. नाव पुसलं जात नाही, दुसऱ्या नावाच्या खाली बारीक अक्षरात, चुकीचं म्हणून, कायमचं राहतं. पण डूगलच्या जातीचं नाव एका डोंगरावरून ठेवलेलं होतं. डोंगर आपल्या जागी होताच. लीथ कुठे होता? दक्षिणेकडे जाऊन पाण्याकडे बघावं तर समुद्र केवढा, त्यातली कुठली जागा त्याची म्हणायची? आईने पाण्याकडे बघणं कधीच सोडून दिलं होतं. दर रविवारी नोला तिच्याकडे जायची आणि चहा झाला की आई म्हणायची, वाच. मग नोला ते छापील पान काढून वाचायची. पानं एकीकडे वळलेली, सुकल्यावर कुरळी, भिजल्यावर क्षणात उलगडणारी. देठ सरळ, लालसर, दीड सेंटीमीटर. वस्ती पडलेल्या झाडांच्या खोडांवर, दाट सावलीत, सदैव ओलाव्यात. गोळा करणारा, एल. पेंगेली. आई डोळे मिटून ऐकायची आणि शेवटी मान हलवायची. इतर बायकांची पोरं होती, फोन करणारी, न करणारी. आईचं हे पान होतं. ते आता कसं काढून घ्यायचं? सत्त्याऐंशी वर्षांच्या बाईच्या हातातून?

तीन वाजता नोलाने जे केलं ते तिने आयुष्यात केलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिने त्याला दारातून आत येऊ दिलं नसतं. काडी आणि देठ टिपकागदावर सुकवून पुडीत घातले, पुडी घडी केली आणि हातपिशवीत टाकली. डूगलला सांगितलं, डोकं चढलंय, जाते. त्याने तिच्याकडे पाहिलं, पिशवीकडे नाही. "आणि चिलीबाईला काय सांगू?" ती म्हणाली, उद्या. मूळ नमुना हरवला तर हरवला. वर्णन राहतं, चित्र राहतं, नाव राहतं. कुणी येऊन बोंड ओढून बघायचा प्रश्नच नाही. अशा पुड्या हरवतात. आगीत जातात, बोटी बुडतात. हे वाक्य मनात आलं तेव्हा ती बसथांब्यावर उभी होती, आणि शेजारच्या बाईने तिला विचारलं, बरं वाटत नाहीये का. बस पुलावर चढली. खाली नदी वाऱ्याने पांढरी झाली होती. नोलाने पिशवीत हात घालून पुडी धरली आणि खिडकीकडे पाहिलं. ह्या बसच्या खिडक्या उघडत नाहीत, हे तिला तीस वर्षं माहीत होतं. फोन दोनदा वाजला, डूगलचा. तिने तो बंद केला.

बेलरीव्हला ती आईच्या वृद्धाश्रमाच्या दोन थांबे आधीच उतरली आणि धक्क्यावर गेली. भरती ओसरत होती. टोकाला एक म्हातारा गळ टाकून बसला होता. तो म्हणाला, काही लागत नाहीये, सील फिरतोय मासे खात. नोला त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली आणि पुडी कठड्याबाहेर धरली. कागद वाऱ्याने फडफडायला लागला. तिने स्वतःशी मोजायला सुरुवात केली, तीनला सोडायची असं ठरवून, लहानपणी थंड पाण्यात उडी मारताना मोजायची तसं. तीन झाले, सात झाले. समुद्राने एकदा नेलं होतं ते न विचारता नेलं होतं. आता ती आपल्या हाताने द्यायला उभी होती, आणि कशासाठी, तर त्याचं नाव राहावं म्हणून. हे काय चाललंय माझं, ती मोठ्याने म्हणाली. म्हाताऱ्याने मागे वळून पाहिलं. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं, आलं नाही.  पुडी तिने कोटाच्या आत, अंगाशी धरली. टाकताही येत नव्हती, ठेवताही येत नव्हती. ह्या दोन्हींच्या मध्ये तिसरं काही आहे का, ते शोधत ती वृद्धाश्रमापर्यंत चालत गेली, आणि तिसरं काही नव्हतं.

आई, विन पेंगेली, खिडकीशी बसली होती, मांडीवर चौकटीची गोधडी घेऊन. तिने नोलाला दारात पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आज मंगळवार ना?" ती म्हणाली. "कोण गेलं?"

कुणी नाही गेलं, असं सांगून नोला पलंगावर बसली. कोळ्यांच्या घरात माणूस भलत्या वारी आलं की पहिला प्रश्न हाच. नर्सने चहा आणि बिस्किटं आणून दिली, नोलाला म्हणाली, आज वाचन लवकर का? ती निघून गेली. मग नोलाने पुडी काढून आईच्या समोरच्या छोट्या टेबलावर ठेवली. तिने चालता चालता वाक्यं जुळवली होती, मऊ मऊ, आईला पेलतील अशी. त्यांतलं एकही वाक्य आता सापडेना.

"आई, लीथचं शेवाळ नाहीये. म्हणजे तसं शेवाळच नाही कुठे. दोन वेगळी आहेत, मी एक समजले. माझी चूक. त्याचं नाव जाणार आता."

आईने बिस्किट चहात बुडवलं. ते मऊ होऊन गळून पडलं, तरी ती हातातल्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिली.

"बोंडं निघून आली का?" तिने विचारलं.

नोलाने बोंडांचं नावही काढलं नव्हतं. आई ते पान वर्षानुवर्षं ऐकत होती, तिला बोंड म्हणजे काय हे ठाऊक होतंच. पण तिच्या विचारण्यात आश्चर्य नव्हतं. जुना पलंग एकदाचा मोडला का, असं विचारावं तसं ते विचारणं होतं. 

"तुला काय माहीत?"

"त्यानं सांगितलं होतं. त्या रविवारी. तू आत होतीस, तो मागच्या पायरीवर बसलेला, जाळ्याची बारीक सुई घेऊन. एक-एक देठ त्या पानांत खोवत होता. दोन तास बसला होता बघ, एरवी दोन मिनिटं बूड टेकायचा नाही. म्हणाला, आमची नोल बोंडं नाहीत म्हणून मरायला टेकलीय, घे म्हणावं बोंडं. तिथेच पडलेल्या फांदीवरची होती म्हणे. म्हणाला, चार दिवस डोकं खाजवू दे तिला, मी आलो की सांगतो."

नोला म्हणाली, आणि तू मला सांगितलं नाहीस. आवाज तिचा वाटत नव्हता.

"सांगायला कधी आले होते मी भानावर?" आई म्हणाली. "भानावर आले तोवर तू ते लिहून पाठवलं होतंस. न्हाणीत दार लावून बसायचीस आणि बाहेर आलीस की जेवायचीस. आधी जेवत नव्हतीस. माझं एक गेलेलं होतं. दुसरं घालवू?"

म्हणजे दर रविवारी, असा हिशेब नोलाच्या मनात व्हायला लागला आणि तिने तो अर्ध्यात सोडला. ती आईसाठी वाचत होती. डोळे मिटून, मान हलवत, आई तिच्यासाठी ऐकत होती. दोघींच्या मधे ते पान सदतीस वर्षं धरलेलं होतं, आणि एकीनेही ते स्वतःसाठी धरलेलं नव्हतं. देठ सरळ, लालसर. ते तर लीथच्या बोटांनी सरळ उभे केलेले. तिने ज्यावर ब्लेड चालवलं नाही, त्याचा शेवटचा हात लागलाय म्हणून, तो हात नेमका हेच करून गेला होता. तिने तेव्हा कापलं असतं तर एका क्षणात कळलं असतं. त्याची गंमत त्याच्या मागे तरी पोचली असती. आता पहिल्यांदाच तिला तो दिसला, पायरीवर वाकलेला, जीभ ओठात धरून, सुईने शेवाळाची पानं बाजूला करताना. आणि तिच्याने ते बघवेना. ती उठून खिडकीशी गेली, परत आली, पुन्हा बसली.

आईने पुडीवर हात ठेवला, उघडली मात्र नाही. "आता काय करणार?"

"चिठ्ठी लावणार. डूगलला फोन करते, पुडी माझ्याकडे आहे म्हणून. उद्या सकाळी लावते."

"काय लिहिशील?"

"दोन शेवाळं आहेत. एकात दुसरं खोवलेलं." नोलाने चष्मा काढून पुसला. "गोळा करणाऱ्याने."

"लिही," आई म्हणाली. "पण आधी शिव्या घाल त्याला. त्यासाठीच तर केलं होतं. परत आलो की नोल मला कसल्या शिव्या घालील, म्हणत नुसता हसत होता. पायरीवरून पडता पडता राहिला."

नोलाने तोंड उघडलं. तो चालायला लागल्यापासून बावीस वर्षांचा होईपर्यंत ती त्याला दिवसातून दहादा शिव्या घालत आली होती, नवनव्या, खास त्याच्यासाठी केलेल्या. आता त्यांतली एकही जिभेवर येईना.  आई गोधडीवर हात ठेवून, मान किंचित कलती करून, वाट बघत राहिली.